आठवडाभर ऑफिस, शनिवारी मुक्काम: दुहेरी कामाला मारुती इको कशी आहे?

सोमवार ते शुक्रवार ऑफिसची ये-जा आणि महिन्यातून दोन-तीनदा भंडारदरा, गुहागर नाहीतर आंबोलीकडे गाडीतच मुक्काम. ही दोन्ही कामं एकाच छोट्या व्हॅनमध्ये बसवायची म्हटलं तर आपल्याकडे पर्याय फार उरलेले नाहीत. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. निसान इव्हेलिया आणि रेनॉ लॉजी झोपायला उत्तम होत्या, पण दोन्ही बाजारातून गेल्या आणि जुनी घेतली तर सुट्या भागांसाठी वणवण करावी लागते. नवी, स्वस्त आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी व्हॅन हवी असेल तर मारुती सुझुकी इकोच समोर येते. २०१० पासून ती विकली जातेय आणि तिचा ढाचा आजही मूळचाच आहे. म्हणूनच ती या कामाला चालते, आणि तिच्या बऱ्याचशा उणिवाही त्यातूनच येतात.

गाडी बघायला जाताना आधी मोजपट्टी खिशात टाका. माहितीपत्रकात लांबी ३६७५, रुंदी १४७५ आणि उंची १८२५ मिलिमीटर दिलेली असते, पण ही बाहेरची मापं आहेत, झोपणारा माणूस आत मावायचा असतो. पुढच्या सीट नेहमीच्या जागी ठेवून त्यांच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत जमिनीलगत मोजा. मग जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर पुन्हा मोजा, कारण सीटची पाठ मागे झुकलेली असते आणि वरचं माप कमी भरतं. साडेपाच फुटांच्या आसपास जागा धरून चाला. त्याहून उंच माणसाला पुढची सीट सरकवून तिची पाठ पुढे घ्यावी लागते किंवा थोडं तिरकं झोपावं लागतं. रुंदी मोजताना तळाची मोजू नका, तिथे चाकांच्या कमानी आत आलेल्या असतात. ज्या उंचीवर झोपायची फळी येणार त्या उंचीवरची रुंदी खरी. ती चार फुटांच्या आगेमागे भरते, म्हणजे दोन मोठी माणसं अंग चोरून झोपतात. तिसऱ्याला बाहेर तंबू लावावा लागेल.

मग ऑफिस आणि मुक्काम दोन्ही करणाऱ्याने कोणती इको घ्यावी? पाच आसनी, एसी, पेट्रोल. बाकीच्या प्रत्येक प्रकाराला या वापरात काहीतरी नडतं.

सीएनजीचा मोह पडतो आणि तो रास्त आहे. ऑफिसची ये-जा आणि बाकीच्या फेऱ्या मिळून महिन्याला १००० किलोमीटर धरा. शहराच्या गर्दीत पेट्रोलवर लिटरला १५ आणि सीएनजीवर किलोला २० किलोमीटर मिळतात असं धरा (कंपनीचा दावा अनुक्रमे १९.७१ आणि २६.७८ चा आहे, तो शहरात विसरायचा). पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ८५ रुपये धरलं तर महिन्याचा खर्च सुमारे ६९०० विरुद्ध ४२५०. महिन्याला २७०० रुपयांच्या आसपास वाचतात. गाडीच्या किमतीत ९० हजारांचा फरक असेल तर तो भरून निघायला पावणेतीन वर्षं लागतात. वर महाराष्ट्रात सीएनजीला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी आहे. हिशोब सीएनजीच्याच बाजूने जातो.

अडचण सिलिंडरच्या जागेची आहे. तो मागच्या सीटच्या पाठीमागे, सामानाच्या जागेत आडवा बसतो, म्हणजे नेमका जिथे तुमचे पाय यायचे तिथे. फळी त्याच्या वरून न्यायची तर ती इतकी उंच होते की टपाखाली ताठ बसता येत नाही. ताकदही घटते: पेट्रोलवर ८०.७६ पीएस आणि १०४.४ न्यूटन-मीटर, सीएनजीवर ७१.६५ पीएस आणि ९५ न्यूटन-मीटर. सामान भरून वरंध किंवा माळशेज चढताना हा फरक थेट पायाला कळतो, दुसरा गिअर लवकर टाकावा लागतो. शिवाय गाव सोडून आडवाटेला गेलं की पंप कमी आणि रांगा लांब. वर्षातून दोनदाच मुक्काम करणाऱ्याने खुशाल सीएनजी घ्यावी आणि सोबत तंबू ठेवावा. गाडीतच झोपायचं असेल त्याने पेट्रोलच घ्यावी.

सहा आसनी इको (सात आसनीच्या जागी २०२५ मध्ये आली) एसीशिवाय येते. मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत ते सोसवत नाही, कारण इंजिन तुमच्या सीटखाली आहे. आणि कार्गो प्रकाराकडे तर वळूही नका. मागे सीट नाहीत, तळ मोकळा, किंमत कमी, म्हणून तो कॅम्पिंगला अगदी सोयीचा वाटतो. पण तो मालवाहू वाहन म्हणून पिवळ्या पाटीवर पास होतो. म्हणजे ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणी, वेगळा विमा, आणि मागे माणूस बसवून नेता येत नाही. ऑफिसला सहकारी सोबत घेण्याचा विचार असेल तर तो तिथेच संपला.

आता रोजच्या वापराबद्दल. शहरात इको समाधान देते. बसायची जागा उंच, पुढचं नाक आखूड, वळणाची त्रिज्या ४.५ मीटर, त्यामुळे पेठांतल्या गल्लीत आणि सोसायटीच्या कोंदट पार्किंगमध्ये ती सहज फिरते. दोन्ही बाजूंचे सरकते दरवाजे तर भिंतीला लागून गाडी लावली तरी पुरते उघडतात. पॉवर स्टिअरिंग नाही, तेव्हा उभ्या गाडीत चाकं वळवू नका, गाडी किंचित हलत असताना वळवा. खांदेही वाचतात आणि स्टिअरिंगचे सांधेही. काचा हाताने फिरवायच्या, म्युझिक सिस्टिम आपली आपण लावायची. बेसमेंट पार्किंग असेल तर टपावर कॅरिअर बसवण्याआधी दाराशी लावलेला उंचीचा आडवा दांडा मोजा. १८२५ मिलिमीटरवर कॅरिअर आणि वर बांधलेलं सामान मिळून दोन मीटर सहज ओलांडतात आणि बऱ्याच ठिकाणी दांडा २.१ मीटरवर असतो.

इंजिन सीटखाली असल्याने दोन गोष्टी होतात. लांब घाट चढल्यावर बुडाखाली ऊब जाणवते आणि आवाज सगळा आत येतो. दुसरं म्हणजे ऑइल तपासायलाही सीट उचलावी लागते, म्हणून लोक ते तपासतच नाहीत. आठवड्याची सवय लावून घ्या: रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून सीट उचला. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते बघा. त्याच वेळी होजपाइपच्या तोंडाशी कूलंट सुकून पांढरट-हिरवट पापुद्रा धरलाय का, तेही बघून घ्या. या गाडीत इंजिन डोळ्याआड असतं, त्यामुळे गळती कळते तोवर इंजिन तापलेलं असतं.

महामार्गावर ८० हा या गाडीचा सुखाचा वेग. ९० पर्यंत चालतं, त्यापुढे ती उंच, हलकी आणि १५५ च्या अरुंद टायरवर आहे हे विसरू नये. ट्रकला ओलांडून पुढे आलात की बाजूचा वारा तिला एकदम ढकलतो. ताकद मागच्या चाकांना जाते. मागे वजन असलं की चढावर पकड चांगली मिळते, पण रिकामी गाडी पावसाळ्यात शेवाळलेल्या चढावर मागून घसरते. ताम्हिणीसारख्या ओल्या वळणांवर रिकाम्या इकोने घाई करू नये.

सुरक्षेबद्दल आडपडदा ठेवता येणार नाही. २०१६ मध्ये गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली इको आपटून पाहिली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. त्यानंतर दोन एअरबॅग आणि एबीएस आले, २०२५ मध्ये सहा एअरबॅग आल्या. हा बदल मोठा आहे आणि जुनी स्वस्त मिळतेय म्हणून २०१८ ची घेण्याऐवजी नवीन घ्यावी, यासाठी एवढं एकच कारण पुरे. तरीही तुमच्या गुडघ्यांपुढे बॉनेटची लांबी फारशी नाही, हे वास्तव एअरबॅगने बदलत नाही. रात्रीचा लांब प्रवास टाळा आणि पहाटे निघा.

फळी कशी बसवायची

गाडीला नवं भोक एकही पाडायचं नाही, हा पहिला नियम. तळाखालून इंधनाच्या नळ्या जातात, आणि पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकातून दुसऱ्या पावसाळ्यात गंज सुरू होतो. मागचा बाक बोल्ट काढून दोघांनी उतरवायचा आणि त्याच बोल्टच्या जागांवर लोखंडी एल-पट्ट्यांनी चौकट आवळायची. बोल्ट एका डबीत, चिठ्ठी लावून ठेवा. परत बसवताना हाताने चार आटे फिरवून मगच पाना लावा, नाहीतर आटे मरतात.

लाकूड म्हणून १२ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय घ्या. बाजारात ८ बाय ४ फुटांची शीट मिळते, तिचं वजन २४-२५ किलो. १८ मिलिमीटरचा घ्यायला सुतार सांगेल, तो ३६ किलोंवर जातो आणि त्याची इथे गरज नाही. एकच अखंड फळी करू नका. साधारण ५६० मिलिमीटर रुंदीचे तीन आडवे तुकडे करा, प्रत्येकाखाली २५ बाय २५ मिलिमीटर चौकोनी पाइपची (जाडी १.६ मिलिमीटर) चौकट, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये दोन पाय. मधले पाय वाचवले तर आडवा पाइप महिन्याभरात खाली वाकतो. चौकटीसह एक तुकडा ११-१२ किलोंचा होतो, तो एकट्याला उचलता येतो आणि सोमवारी सकाळी काढून घरात उभा ठेवता येतो. दोन्ही बाजूंना भिंतीपासून १० मिलिमीटर फट ठेवा.

फळीची उंची २५० मिलिमीटरच्या वर नेऊ नका. तेवढ्यात खाली प्लास्टिकचे क्रेट, पाण्याचा कॅन आणि शेगडी मावते, आणि वर बसल्यावर डोकं टपाला लागत नाही. पायांखाली आणि दोन तुकड्यांच्या मध्ये ३ मिलिमीटर रबराची पट्टी चिकटवा. ती नसेल तर खडबडीत रस्त्यावर प्लाय प्लायवर घासून जो किरकिराट होतो तो तासभरही सहन होत नाही. नट सगळे नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) वापरा, साधे नट कंपनाने सुटतात. प्लायच्या कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात मारा, ओल कडेतूनच आत शिरते. गादी ५० मिलिमीटरची, तीन घड्यांची, घट्ट फोमची. मऊ गादी पाठीला नको आणि गुंडाळल्यावर जागाही खाते.

पाण्याचा २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलोंचा दगड. जोराचा ब्रेक लागला तर तो पुढच्या सीटवर येऊन आदळणार. म्हणून रॅचेट पट्ट्याने (खटक्याने आवळायच्या पट्ट्याने) चौकटीला बांधल्याशिवाय गाडी हलवायची नाही. फळी बसवलेली असताना मागे कोणीही बसायचं नाही, झोपून प्रवास तर मुळीच नाही. मुक्कामाच्या सहलीत इको दोघांची गाडी आहे.

कायद्याची बाजूही इथेच बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळी होईल अशी फेररचना करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. बाक कायमचा काढणं, पलंग वेल्ड करणं, टप कापून उचलता करणं, हे सगळं आरटीओच्या मंजुरीशिवाय करू नका. सुटी फळी, सुटी गादी, सुटी शेगडी हे मात्र सामान आहे, म्हणून चौकट सुटी होणारीच हवी. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्वेअर पहिल्यांदा हेच बघतो.

रात्र

गाडीतल्या पहिल्या रात्री बहुतेकांची एकच चूक होते: डास आणि थंडीच्या भीतीने सगळ्या काचा बंद. दोन माणसांच्या श्वासाने पहाटे चारपर्यंत काचांवरून पाणी ओघळायला लागतं, टपाचा पत्रा आतून ओला होतो आणि थेंब अंगावर पडतात. इकोच्या मधल्या दारांच्या काचा सरकत्या आहेत, हे या गाडीचं मोठं भाग्य. दोन्ही बाजूंची काच दोन-दोन इंच उघडी ठेवा, म्हणजे हवा आरपार जाते. बाहेरून मच्छरदाणीचं कापड लावून कडेला छोटे निओडायमियम चुंबक ठेवा. पत्र्याला ते घट्ट बसतात, चिकटपट्टीसारखे डाग राहत नाहीत. पाऊस असेल तर काचेवर पावसाळी झडप बसवून घ्या.

एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला वास नसतो आणि झोपेतला माणूस जागा होत नाही. आत शेगडीही पेटवायची नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो फळीखालीच साचून राहतो, नाकाला लवकर कळत नाही. स्वयंपाक बाहेर, वारा धूर गाडीपासून दूर नेईल त्या बाजूला, गाडीपासून चार-पाच मीटर अंतरावर.

विजेचा हिशोब सोपा आहे. ५ वॅटचा दिवा सहा तास म्हणजे ३०, १० वॅटचा पंखा आठ तास म्हणजे ८०, दोन मोबाइल मिळून ३०, एकूण १४० वॅट-तास. हे गाडीच्या बॅटरीवर ओढलं तर १२ अँपिअर-तास जातात, आणि बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वेगळी ठेवा. तिच्यात २५६ वॅट-तास असतात, एक रात्र आरामात निघते. घरून चार्ज करून नेली तर गाडीच्या वायरिंगला हात लावायची गरजच नाही. कायमची जोडणी करायची असेल तर डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणारा) हवाच, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच.

कुठे नेऊ नये

ग्राउंड क्लिअरन्स १६० मिलिमीटर. भरलेल्या गाडीत तो आणखी कमी होतो. धरणाकाठच्या बैलगाडीच्या चाकोऱ्यांत मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. अशा वाटेवर एका बाजूची चाकं उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची चाकोरीबाहेर ठेवून चाला, नाहीतर अलीकडेच थांबा. समुद्राच्या वाळूत ही गाडी उतरवूच नका. मागची अरुंद चाकं दोन फेऱ्यांत आसापर्यंत रुततात आणि भरती कोणाची वाट बघत नाही. किनाऱ्याजवळ नुसती उभी राहिली तरी परतल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा.

आणि धुताना सरकत्या दारांचे ट्रॅक विसरू नका. खालच्या पट्टीत कोकणातली तांबडी माती ओली बसते, वाळली की विटेसारखी घट्ट होते आणि रोलर तिच्यावरून घासत चालतो. जुन्या टूथब्रशने खरवडून काढा, पाण्याने धुवा, कोरडं करा आणि पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या. काळं जाड ग्रीस लावलं तर पुढच्याच सहलीत त्याची धुळीशी लापशी होते.

ट्रायबर की इको

रेनॉ ट्रायबर हा प्रामाणिक पर्याय आहे. ग्राउंड क्लिअरन्स १८२ मिलिमीटर, तिसरी रांग हाताने काढता येते आणि मग मागे ६२५ लिटर जागा मिळते. २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये तिला मोठ्यांसाठी चार तारे मिळाले. रोज महामार्गावरून ऑफिस असेल, लहान मुलं असतील आणि मुक्काम बहुतेक होम-स्टेमध्ये किंवा तंबूत असेल, तर ट्रायबर घ्यावी असं स्पष्ट मत आहे. पण १ लिटरचं ७२ पीएसचं इंजिन भरल्या गाडीत घाटात दमतं, दारं नेहमीसारखी बाहेर उघडतात, आणि मधली सीट दुमडल्यावर तळ सपाट राहत नाही. तिच्यात झोपता येतं, पण इकोसारखी खोली होत नाही.

जुनी इको घेताना

शाळेच्या आणि टॅक्सीच्या धंद्यात इको खूप वापरली जाते, म्हणून आरसीवर आधीचा वापर आणि मालकांचा क्रमांक बघा. सरकता दरवाजा अर्धा उघडून हँडल वर-खाली हलवा. बोटभर खेळ असेल तर रोलर गेलेत. मॅट उचलून तळाचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा नखाने टोचून बघा. चालवताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर एकदम सोडा आणि पुन्हा दाबा. खालून 'ठक्क' आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, झिजलाय. मागून वेगाबरोबर वाढणारी घरघर आली तर डिफरन्शियल (मागच्या आसावरची गिअरची पेटी) उघडावा लागेल, सौदा तिथेच थांबवा. आणि नंतर बाहेरून बसवलेला सीएनजी किट असेल तर तो आरसीवर चढलाय का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालीय का, हे दोन कागद हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.